आबा, झाली!

"आबाऽऽ, झालीऽऽ!"

ही हाक मराठी घरात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. काय झाली, कुणाची झाली आणि आता कुणी उठायचं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. पण जन्मभर हा शब्द मी दुसऱ्याच्या नावानं ऐकला होता. "आई, झाली", "आज्जी, झाली", "काकी, झाली". माझ्या नावानं तो पहिल्यांदा ऐकला २०२१ च्या पावसाळ्यात. मी कांद्याच्या रोपात खुरपत होतो. हाक आली आणि मी इकडंतिकडं बघितलं, दुसरं कोण उठतंय का म्हणून. घरात दुसरं कोणी नव्हतंच.

आमची मंडळी त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटाला गेली. कोरोनाची दुसरी लाट. त्यावर जास्त लिहीत नाही. मुलगा आणि सून दोघंही रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. दोघांच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळं एक आला की दुसरा निघालेला. आमचं घर वस्तीवर, शिरूर तालुक्यात, पण भीमेच्या इतकं जवळ की पलीकडं दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांचा धूर दारातनं दिसतो. चारी बाजूनं ऊस. घरात राहिलो मी, पाच वर्षांचा नातू, तीन वर्षांची नात आणि दोन म्हशी. म्हशींचं सगळं मला येत होतं.

खरं सांगायचं तर मी माझ्या स्वतःच्या पोरांना एकदाही धुतलं नव्हतं. दोन मुलगे, एक मुलगी. त्यांना खांद्यावर घेऊन जत्रेत हिंडवलं, तापात रात्रभर मांडीवर घेतलं, पण शीचं काम निघालं की मी "अगं ए" अशी हाक मारून बाजूला व्हायचो. आमच्या पिढीत सगळेच व्हायचे. गाईच्या वारीत कोपरापर्यंत हात घालणारा गडी, पण पोराचं ढुंगण धुवायचं म्हटलं की त्याला किळस. त्या दिवशी खुरपं टाकलं, हात धुतले आणि गेलो. नातू संडासात उभा राहून, वाकून, दोन्ही हात भिंतीला टेकवून तयार. आज्जीनं लावलेली सवय. मी तांब्या भरून ओतला तो सगळा त्याच्या पाठीवर. चड्डी, सदरा, पायातली चप्पल सगळं भिजलं. पोरगं म्हणालं, "आबा, आज्जी असं नव्हती करत."

महिनाभरात मला जमायला लागलं. पण एक हिशेब डोक्यात घोळायला लागला. आत्ता तो अंगणवाडीत जातो, तिथं मदतनीस बाई आहेत, त्या बिचाऱ्या वीस-पंचवीस पोरांचं बघतात. येत्या जूनमध्ये तो पहिलीत जाणार. तिथं "झाली" म्हणून कुणाला हाक मारणार? गुरुजींना?

हा प्रश्न मला इतका टोचायचं कारण म्हणजे मी स्वतः पहिलीत असताना काय झालं ते अजून विसरलेलो नाही. साल १९६७. त्या वेळी आमच्या चड्डीला बटण नसायचं, नाडी असायची. करंगळी दाखवून परवानगी मिळेपर्यंत उशीर झालेला. शाळेमागच्या बाभळीखाली पळालो आणि नाडी ओढली तर बसली निरगाठ. जितकी ओढावी तितकी घट्ट. पुढं काय झालं ते सांगायला नको. मी शाळेत परत गेलो नाही, रस्त्यानंही गेलो नाही, बांधाबांधानं ज्वारीच्या आडोशानं घरी आलो. आईनं एक शब्द न बोलता विळ्यानं नाडी कापली. पण पोरांना कळायचं ते कळलंच, आणि मला जे नाव पडलं ते चौथीपर्यंत पुरलं. ते नाव इथं लिहीत नाही. गावात अजून दोघंतिघं हयात आहेत, त्यांना आयतं सापडेल.

आमच्या लहानपणी हे सगळं शिकवायची रीतच नव्हती. तान्हं पोर असेल तर आई किंवा आजी दोन्ही पाय लांब करून बसायची, पोराला पावलांवर बसवायची, खाली चुलीतली राख पसरलेली. झालं की राखेसकट गोळा करून उकिरड्यावर. पोर चालायला लागलं की घराच्या बाजूच्या बोळात. बायका पहाटे अंधारात आणि तिन्हीसांजेनंतर, पुरुष ओढ्याकडं. पाच-सहा वर्षांचा झालो की थोरल्या भावांच्या मागं आम्ही ओढ्याला. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत ओढ्याला पाणी असायचं, वाहत्या पाण्यात बसूनच काम. संक्रांतीनंतर ओढा आटला की टमरेल, आणि टमरेल न्यायचा कंटाळा आला की डगळ. चुलतभाऊ डगळ निवडायचं शास्त्र सांगायचा, लई गुळगुळीत नको, लई धारेचा नको. तेवढंच काय ते शिक्षण. हात धुवायचे ते ओढ्याकडंच्याच मातीनं. ज्या मातीवर सगळं गाव बसतं तीच माती हाताला लावून आम्ही हात स्वच्छ झाला म्हणायचो. बायका शहाण्या, त्या घरी येऊन चुलीच्या राखेनं घासायच्या. राख जळून निघालेली असते, तिच्यात घाण उरत नाही, आणि चिकट घालवायचा गुण तिच्यात आहे. आता साबणाचं सांगतात तेच.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना नुसतं सांगून कळत नाही. शिरूर, दौंड हा भाग तसाही पावसाच्या सावलीतला. बहात्तरला खरीप गेलं, रब्बी गेलं, विहिरींचे तळ दिसले. सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. आई-वडील दोघंही खडी फोडायला जायचे. कामावर पोरांना सुकडी मिळायची, आम्ही तिची वाट बघायचो. १९७३ चा उन्हाळा. मी अकरा-बारा वर्षांचा. धाकटी बहीण तीन वर्षांची. कामाच्या जागी बाभळीखाली तिला सांभाळायचं काम माझ्याकडं. शेजारी एक घागर, ती प्यायची. तिच्यातलं पाणी दुसऱ्या कशाला वापरलं तर मार. बहीण बसायची, मी तिला पाल्यानं नाहीतर डगळानं पुसायचो, हात धोतराच्या फडक्याला पुसायचो आणि त्याच हातानं सुकडी भिजवून तिला भरवायचो. ती आ करून बसायची, चिमणीच्या पिल्लासारखी.

तिला हगवण-ओकारी लागली. कुणी म्हणालं दात येतायत, कुणी म्हणालं दृष्ट लागली. आणि सगळे जाणते एकमुखानं म्हणाले, पाणी देऊ नका, आणखी ढाळ होतील. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटपर्यंत पाणी मागत होती.

कशानं गेली हे आज कोण सांगणार? त्या वर्षी पाणीच गढूळ होतं, माशा होत्या, अंगात बळ नव्हतं. कितीतरी पोरं आजारी पडली. पण पुढं चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला एक नर्सबाई वस्तीवर यायच्या, त्यांनी घराघरात सांगितलं की हगवणीत पाणी बंद करायचं नसतं, उलट द्यायचं असतं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा लहान चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजायचं. आणि म्हणाल्या, शी धुतल्यावर आणि भरवायच्या आधी हात साबणानं धुवायचे, निम्मा आजार तिथंच थांबतो. त्या सांगत होत्या आणि मी ओसरीवर बसून आपल्या हाताकडं बघत होतो. पुढं एकदा वाचनात आलं की १९७१ सालीच बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याची हजारो माणसं वाचवली होती. म्हणजे माझ्या बहिणीच्या दोन वर्षं आधी. आमच्या बाभळीपर्यंत ती बातमी यायला तेरा-चौदा वर्षं लागली. आईला मी हे कधीच सांगितलं नाही.

स्वच्छतेची मोहीम मी पुष्कळ बघितली. माझे वडील पंढरपूरच्या वारीत गाडगेबाबांना खराटा घेऊन झाडताना पाहिल्याचं सांगायचे. २००० साली त्यांच्याच नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आर. आर. आबा पाटील ग्रामविकास मंत्री होते. त्यात मी झाडलं, भिंती रंगवल्या, घोषणा लिहिल्या. माझं अक्षर बरं, १९७७ चा दहावी पास. मग निर्मल ग्राम आलं, गुडमॉर्निंग पथक आलं. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला गुलाबाचं फूल द्यायचं. एक म्हातारा फूल कानाला लावून तसाच पुढं गेला होता. मग २०१४ पासून स्वच्छ भारत आलं, संडासाला बारा हजारांचं अनुदान आलं. कितीतरी ठिकाणी नव्या संडासात गोवऱ्या भरल्या, नाहीतर खताच्या गोण्या. पण हळूहळू बसायलाही लागली माणसं. आमच्याकडं त्याआधीच, २००६ साली संडास झाला होता, सून घरात यायच्या आधी झालाच पाहिजे असं मंडळीनं ठणकावलं म्हणून.

एवढ्या भिंती मी रंगवल्या, पण लहान पोरानं आपलं आपण कसं धुवायचं, हे एकाही भिंतीवर लिहिलेलं आठवत नाही. ते काम सगळ्यांनी गृहीत धरलेलं की घरातली बाई करेल. माझ्या ऐकण्यात एकच गोष्ट वेगळी. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम काढलं. गरिबांची पोरं बालवाडीत येईनात म्हणून त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आणि तिथं गाणी-गोष्टींच्या आधी पोरांना स्वच्छ करायचं काम असायचं, नखं, केस, आंघोळ. शिकलेल्या बायका. हे आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी मला सांगितलं आणि म्हणाल्या, "आबा, मग तुम्हाला काय हरकत आहे?"

हरकत काहीच नव्हती. येत नव्हतं एवढंच.

पहिल्यांदा मी नातवाला नुसतं तोंडानं सांगितलं. उजव्या हातानं पाणी घाल, डाव्या हातानं धू. सोपं वाटतं. मग लक्षात आलं की आपण आयुष्यभर जे न बघता करतो ते सांगता येत नाही. पोरगं आत गेलं, पाणी पुढं पडलं, हात मागं गेला तिथं पाणीच नाही. पाच वर्षांच्या पोराचा हात आखूड असतो हो. पाठीमागनं पोचतच नाही पुरता. बसल्या बसल्या तोल सांभाळायचा, उजव्या हातात भरलेला तांब्या, तो जवळजवळ किलोचा, आणि डावा हात मागं. मोठ्या माणसाला डोक्यावर पाटी घेऊन दोरीवर चालायला सांगावं तसलं ते काम.

तेव्हा मी स्वतः संडासात जाऊन पोराच्या उंचीवर बसून बघितलं. किती गोष्टी दिसल्या! पायऱ्या मोठ्या माणसाच्या मापाच्या, त्यामुळं पोराचे पाय फाकतात आणि खालच्या भोकात पडायची भीती वाटते. दाराची कडी त्याच्या डोक्याच्या वर. दार लावलं की काळोख. नळ हाताला येत नाही. बादली इतकी मोठी की निम्मी झाली की पोराला वाकून पाणी घेता येईना. पंधरा वर्षं तो संडास वापरात होता आणि तो फक्त मोठ्यांचा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दोन दिवस मोडले. पुढच्या बाजूला पाय टेकायला दोन विटा सिमेंटात बसवल्या. खाली दुसरी कडी मारली. बल्ब लावला, बटण खाली घेतलं. रंगाचा रिकामा डबा बादली म्हणून ठेवला. तांब्या काढून टाकला आणि दूध मापायचं अर्ध्या लिटरचं जुनं माप दिलं, लांब दांड्याचं. दुधाचं माप संडासात गेलं म्हणून मुलगा चिडला. मी म्हटलं, डेअरीत आता मशीन आलंय, ह्याचं पेन्शन समज.

धुवायचं कसं ते शिकवायला मी बाहुली आणली, नातीची प्लॅस्टिकची. तिला मागनं ओला चिखल फासला आणि ओट्यावर तिघं बसलो. एका हातानं धार, दुसऱ्या हातानं चोळ. चिखल गेला का बघ. नाही गेला, परत. बोटाला खरखर लागते तोवर घाण आहे, बोट नुसतं सरकायला लागलं की झालं. हे बोटाचं गणित त्याला लगेच कळलं. खरं म्हणजे तेच महत्त्वाचं, कारण स्वतःचं मागचं कुणाला दिसत नाही, हातानंच बघायचं असतं. शेजारची म्हातारी कुंपणावरनं बघत होती. म्हणाली, "आरं, ह्या वयात बाहुलीचं ढुंगण धुतोस व्हय?" मी म्हटलं, "तुझ्या नातवालाबी पाठव." दुसऱ्या दिवशी तिनं खरंच पाठवला.

महिना-दीड महिना सगळा गोंधळच. भिंतीवर बोटं. चड्डीवर डाग. कधी पाणीच न वापरता बाहेर येऊन "धुतलं" म्हणायचं. एकदा मी ओरडलो, तर पुढं दोन दिवस पोरगं संडासात जाईना. तेव्हा कळलं की ह्या कामात रागवायची सोय नाही. रागावलं की पोर शिकायचं थांबत नाही, लपवायला शिकतं. नाडीवालं पोरगं मी स्वतः होतो, मला हे आधीच कळायला हवं होतं. नंतर मी दाराबाहेर उभा राहून नुसता मोजायचो, एक माप, दोन मापं, तीन मापं. चौथं भांड्यात ओतायला. आमचं भांडं ग्रामीण पद्धतीचं, उताराचं, दोन लिटरभर पाण्यात सगळं वाहून जातं.

हाताचं मात्र मी ढिलं सोडलं नाही. कोरोनामुळं एक बरं झालं, वीस सेकंद हात धुणं सगळ्या जगाला शिकवून झालं होतं. साबणाची वडी पोरांच्या हातातनं निसटून मोरीत जायची, म्हणून जुन्या मोज्यात घालून नळाला बांधली. मोज्यावरच हात घासायचे. नखं दर रविवारी. नातू एकदा म्हणाला, "आबा, हात तर स्वच्छ दिसतोय." मी त्याला काय सांगणार? म्हटलं, "माझाबी दिसत होता." त्याला ते समजलं नाही, आणि समजावं असंही नव्हतं.

मधेच नातीचं वेगळंच निघालं. तिला लघवीला जळजळ व्हायला लागली, ताप आला. शिरूरला डॉक्टरांकडं नेली, सून बरोबर होती. त्यांनी औषध दिलं आणि विचारलं, हिला धुता कसं? मुलींना धुताना पाणी आणि हात नेहमी पुढून मागं न्यायचा, मागून पुढं कधी नाही. मुलींची लघवीची जागा जवळ असते, शीतले जंतू तिकडं जातात आणि जळजळ, ताप सुरू होतो. मी साठीला आलो होतो, मला तीन नातवंडं, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. सून बारावी शिकलेली, तिलाही कुणी सांगितली नव्हती. गाडीवर येताना ती म्हणाली, "मामा, मलासुद्धा लहानपणी सारखं व्हायचं. आई म्हणायची ऊन बाधलं." नातीला शिकवायचं काम मग सुनेनं आपल्याकडं घेतलं, सुट्टीच्या दिवशी आणि पहिल्या पाळीनंतर संध्याकाळी. बाहुली परत कामाला आली. माझ्याकडं फक्त दाराबाहेरनं आठवण करायचं राहिलं. "कसं गं?" मी विचारायचो. आतनं आवाज यायचा, "पुढून मागंऽऽ."

दिवाळीत धाकटा मुलगा पुण्याहून आला, त्याचाही मुलगा पाच वर्षांचा. फ्लॅटमध्ये कमोड, बाजूला पाण्याचा फवारा. तो आमच्या संडासात गेला आणि रडत बाहेर आला, ह्याला बसायचं कुठं? उकिडवं बसायची सवयच नाही, मागं कलंडला. आमचा नातू त्याला शिकवायला लागला, गुरुजी झाला एकदम. आणि संक्रांतीला आमचा नातू पुण्याला गेला तेव्हा फ्लशच्या आवाजाला भिऊन तीन दिवस अर्धपोटी राहिला आणि फवाऱ्यानं आरशापर्यंत सगळी बाथरूम धुऊन काढली. दोन्ही यायला पाहिजे पोरांना. पुढं कुठं जातील काय सांगता येतंय?

बाहेर शेतात का नाही बसवत, आपण नाही का बसलो, असं मला गावातले काही जण म्हणाले. त्यांना मी उसाकडं बोट दाखवतो. चासकमान आणि घोडचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसाबरोबर बिबट्या आला. बिबट्या उसात वितो, पिल्लं वाढवतो, त्याला जंगल लागत नाही. वनखात्याची माणसं सांगतात की उकिडवं बसलेलं माणूस त्याला जनावराएवढं दिसतं. मग लहान पोर तर शेळीच्या करडाएवढं. आमच्या भागात पोरं गेलेली आहेत, आई-बाप अजून जिवंत आहेत त्यांचे. त्यामुळं अंधार पडला की पोर दाराबाहेर नाही. संडासालासुद्धा मी घरातनं छपराखालनं वाट केली.

जून आला. २०२२. पहिल्या दिवशी नातू नवा सदरा घालून गेला, चड्डीला इलॅस्टिक, ते मी स्वतः ओढून बघितलं होतं. आठवडाभर सगळं बरं चाललं असं वाटलं. मग एके दिवशी पोरगं शाळेतनं आलं ते पोट धरूनच. संडासात अर्धा तास. रडू, थोडं रक्त. दोन दिवसांनी परत तसंच. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "शाळेत कुलूप आहे." संडास होता, फरशी होती, दारावर चित्रं होती. पण पाणी नव्हतं, म्हणून घाण व्हायचा, म्हणून कुलूप. पोरगं सकाळी दहापासून पाचपर्यंत दाबून धरत होतं. इतके महिने मी त्याला धुवायचं शिकवलं आणि जिथं धुवायचं त्या जागेलाच कुलूप.

राग आला. पण गुरुजींवर ओरडून काय होणार, त्यांच्याकडं दोन वर्ग आणि हजार कागद. त्यांनाही लाज वाटत होती, ते तोंडानं म्हणाले नाहीत एवढंच. म्हणाले, "आबा, पाण्याची लाइन मंजूर आहे." मी म्हटलं, मंजूर पाण्यानं पोराचं ढुंगण धुतलं जात नाही. दोघंही हसलो आणि मग बोलणं सोपं झालं. ग्रामपंचायतीत अर्ज दिला तो दिलाच, पण तोवर आम्ही पाच-सहा घरांनी दोनशे लिटरचं एक टिपाड धुऊन शाळेत ठेवलं. त्याला खाली तोटी बसवली, पोराच्या कमरेच्या उंचीवर. टिपाड भरायच्या पाळ्या लावल्या. माझी पाळी सोमवारी आणि गुरुवारी, मोटरसायकलला दोन कॅन बांधून. आतमध्ये लहान डबे आणि छोटी मापं. साबणाचे मोजे पोरांनीच घरनं आणले, त्यात एक लाल रंगाचा होता तोच सगळ्यांना पाहिजे असायचा. कुलूप निघालं. आठ महिन्यांनी लाइन आली, पण टिपाड अजून आहे, कारण लाइनीला पाणी रोज नसतं.

गंमत अशी की पाळीला येणारे आम्ही बहुतेक म्हातारे गडी. एके गुरुवारी पाणी ओतत होतो, आतनं एका पोराची हाक आली, "बाईऽऽ, झाली." बाई वर्गात होत्या. माझ्यासोबत माझ्याच वयाचा एक शेतकरी होता, गावात त्याचा दरारा. आम्ही एकमेकांकडं बघितलं. तो म्हणाला, "तू जा, तुला येतंय." मी म्हटलं, "तूबी ये, बघ तरी." आला. दाराबाहेर उभा राहून मोजायला लागला, एक माप, दोन मापं.

नात आता तिसरीत जाईल. परवा संध्याकाळी मी म्हशीखाली बसलो होतो, ती संडासात गेली आणि बराच वेळ आली नाही. धार काढता काढता माझे कान तिकडंच. पाण्याचा आवाज आला, माप बादलीला लागल्याचा आवाज आला. मी सवयीनं ओरडलो, "कसं गं?"

आतनं उत्तर आलं, "आबा, तुम्ही तुमचं दूध काढा."